घोडाविक्रीच्या जाहिरातीतली आखूड अक्षरं : कोणत्या क्रमानं वाचायची आणि कुठे फसायला होतं

‘६ वायओ बी जी, टीबी, १५.३ एचएच, डब्ल्यूटीसी, गुड टू शू, बॉक्स, कॅच. यूटीडी. ओएनओ.’

मोबाइलवर अशी ओळ आली की वाई-पाचगणीपासून मिरज-जतपर्यंत एकच प्रकार चालतो. फोटो बघायचा, किंमत बघायची आणि फोन लावायचा. मधली अक्षरं कुणी वाचत नाही, वाचली तर अंदाजानं. मग ‘टीबी’ बघून कुणी घोड्याला क्षय झालाय म्हणून बिचकतो, ‘जी’ बघून कुणी करडा घोडा समजतो, आणि १५.३ म्हणजे साडेपंधराच्या थोडं आत असं धरून पुढच्याला तसंच सांगतो. तिन्ही चूक.

आपल्याकडे फिरणाऱ्या जाहिरातींत तीन बोली कालवलेल्या असतात. पहिली अकलूज, सारंगखेडा, माळेगाव इथल्या घोडेबाजाराची : दात, इंच, देवमन, बेखोट. दुसरी पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सची. तिसरी परदेशी रायडिंगवाल्यांची, आपल्या विक्रेत्यांनी बरीचशी नकलून घेतलेली, कधी कधी अर्थ न कळताच. एकाच ओळीत तिन्ही सापडतात, म्हणून खालचा क्रम सोडू नका. सगळ्या टप्प्यांवर एक नजर मात्र कायम ठेवा : काय लिहिलंय याच्याइतकंच काय गाळलंय ते बघायचं.

## फोन लावायच्या आधीची तयारी

जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा. सौद्याच्या वेळी मजकूर बदललेला असतो किंवा पोस्टच उडालेली असते, आणि “आम्ही असं लिहिलंच नव्हतं” हे ठरलेलं उत्तर मिळतं.

मग वहीच्या एका पानावर नऊ रकाने पाडा : लिंग, वय, उंची, जात, रंग-खुणा, काम, खोडी, कागद, किंमत. जाहिरातीतलं एकेक अक्षर उचलून त्या त्या रकान्यात टाका. जे रकाने कोरे राहतील तीच तुमची प्रश्नांची यादी. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कुणी करत नाही.

त्याच पानावर वर आपली गरज लिहा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाशी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटक बसवायचे आहेत, वरातीला घोडी हवी आहे, टांगा ओढायचा आहे, मुलाला बसायला शिकवायचंय की पैदास करायची आहे? ‘उत्तम घोडा’ असं काही नसतं. कामापुरता उत्तम असतो.

## टप्पा १ : जाहिरात विक्रीची आहे का, ते आधी बघा

‘एफएस’ म्हणजे विक्रीला आहे. ‘एनएफएस’ म्हणजे विक्रीला नाही, फोटो फक्त मिरवायला टाकलाय. ‘आयएसओ’ म्हणजे टाकणारा स्वतःच घोड्याच्या शोधात आहे. त्याच्याच पोस्टखाली लोक “रेट काय?” विचारत बसतात.

‘एलडब्ल्यूव्हीटीबी’ ही लांबलचक अक्षरं ब्रिटिश जाहिरातींतून आली. अर्थ असा की घोडा आधी वापरायला देऊ, पटला तर विकत घ्या. आपल्याकडे कुणी असं लिहिलं असेल तर मुदत किती, तेवढ्या दिवसांचा चारा-खुराक कुणाचा आणि मधे घोडा लंगडला तर जबाबदारी कुणाची, हे लेखी घेतल्याशिवाय दावं हातात घेऊ नका.

## टप्पा २ : लिंग

इथे एकेका अक्षराला किंमत आहे.

- जी : गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला, आकता घोडा.
- एम : मेअर, पूर्ण वाढलेली घोडी.
- एफ : फिली, तरुण घोडी.
- सी : कोल्ट, खच्ची न केलेला तरुण नर.
- एच (एकच) : खच्ची न केलेला पूर्ण वाढलेला नर. ‘स्टॅलियन’ असंही लिहितात.
- आर किंवा रिग : ज्याचं एखादं अंड पोटातच राहिलंय असा नर. बाहेरून आकता वाटतो, वागतो नरासारखा.

रेसकोर्सच्या कागदांवर या अक्षराच्या आधी रंगाचं अक्षर येतं : बी म्हणजे बे (आपला कुमैत : तांबूस अंग, काळी आयाळ-शेपूट), बीआर म्हणजे गडद तपकिरी, सीएच म्हणजे चेस्टनट (सुरंग : अंग आणि आयाळ दोन्ही तांबूस), जीआर म्हणजे करडा. ‘बी जी’ म्हणजे कुमैत रंगाचा आकता घोडा, आणि ‘सीएच सी’ म्हणजे सुरंग रंगाचा तरुण नर. करड्या रंगाला जीआर अशी दोन अक्षरं लागतात, नुसतं जी कधीच करडा नसतो.

मराठी जाहिरातीत गोंधळ वेगळा. तिथे ‘नर’ एवढंच असतं, आकता आहे की नाही ते नसतं. दावणीला घोड्या बांधलेल्या असतील तर हा प्रश्न सगळ्यात पहिला विचारा. “नुकताच खच्ची केलाय” असं उत्तर आलं तरी तो काही आठवडे घोड्यांपासून लांबच ठेवावा लागतो, कारण तेवढ्या काळात घोडी भरू शकते.

## टप्पा ३ : वय, आणि बैलाच्या दातांचा हिशोब

‘वायओ’ म्हणजे इतक्या वर्षांचा. ‘राइजिंग ५’ म्हणजे पाच अजून पुरी झालेली नाहीत. रेसच्या घोड्याचं वय वाढदिवसाला मोजत नाहीत, १ जानेवारीला सगळ्यांना एकदमच एक वर्ष चढतं. त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरू पुढच्या १ जानेवारीला नऊ महिन्यांचंही नसताना कागदावर एक वर्षाचं होतं. तरुण घोड्याच्या बाबतीत हा फरक धरायलाच हवा.

सातारा-सांगलीकडे खरी गडबड दातांवरून होते. पुसेगाव, खरसुंडीच्या जत्रेत खिलारचे दात बघून डोळा तयार झालेला असतो, आणि तोच हिशोब घोड्याला लावला जातो. बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. घोड्याला वर सहा आणि खाली सहा. म्हणून ‘चार दात’ वाचलं की पहिला प्रश्न : एका जबड्यातले चार, की वरचे-खालचे मिळून चार? उत्तरावर साधारण वर्षाचा फरक पडतो. आणि घोड्याला ‘आठ दात’ लिहिणाऱ्याला एक तर बैलच ठाऊक आहेत, नाही तर तो वर-खालचे मिळून मोजतोय.

एका जबड्याचा हिशोब असा :

- अदंत : सगळे दुधाचे दात, अडीच वर्षांच्या आत.
- दोन दात : अडीच ते तीन वर्षं.
- चार दात : साडेतीन ते चार.
- सहा, म्हणजे ‘पुरे दात’ : साडेचार ते पाच.

‘पुरे दात’ या शब्दात सगळ्यात जास्त लपवता येतं. सहा वर्षांचाही पुरे दात आणि सोळा वर्षांचाही पुरे दात. पुढचा अंदाज झिजेवरून घ्यायचा. खालच्या मधल्या जोडीतले खळगे साधारण सहाव्या वर्षी बुजतात, शेजारच्या जोडीतले सातव्या, कडेच्या जोडीतले आठव्या. दहाच्या सुमाराला वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून एक उभी खाच दिसायला लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. दहा वर्षांनंतर हा सगळा अंदाजच आहे. लाकूड चावणाऱ्या घोड्याचे दात आधीच झिजतात.

तपासा : दातांचे दोन फोटो मागा, एक ओठ वर करून समोरून, एक बाजूनं. “आल्यावर बघा” म्हणणाऱ्याकडे जायला हरकत नाही, पण वयाचा रकाना तोवर कोराच ठेवा.

## टप्पा ४ : उंची

‘एचएच’ म्हणजे हात. एक हात चार इंचांचा, म्हणजे १०.१६ सेंटिमीटर. टिंबानंतरचा आकडा दशांश नसून इंच आहे. १५.३ म्हणजे पंधरा हात तीन इंच : १५ चोक ६० आणि वर ३, एकूण ६३ इंच. याच हिशोबानं १४.२ म्हणजे ५८ इंच, १५ म्हणजे ६०, १६ म्हणजे ६४.

यातूनच एक सोपी चाचणी मिळते. टिंबानंतर ०, १, २, ३ एवढेच आकडे येऊ शकतात. चार इंच झाले की पुढचा हात सुरू. जाहिरातीत ‘१५.५ एचएच’ किंवा ‘१४.८ एचएच’ दिसलं तर लिहिणाऱ्याला ही मोजणीच ठाऊक नाही. मग त्याची बाकीची इंग्रजी अक्षरंही नकललेली समजून वाचा.

मोज घ्यायची ती मान पाठीला मिळते तिथल्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत, सपाट फरशीवर, चारही पाय सरळ आणि डोकं निवांत असताना. कानापर्यंतची उंची सांगणारेही भेटतात. नाल ठोकलेली असेल तर साधारण एक सेंटिमीटर वजा करा. पोनी आणि घोडा यांच्यातली आंतरराष्ट्रीय स्पर्धांची रेघ नालेविना १४८ सेंटिमीटरवर आहे, म्हणून मुलांच्या स्पर्धेसाठी घेणाऱ्याला एकेक सेंटिमीटर महत्त्वाचा. टांग्याला घेणाऱ्यानं यात डोकं घालू नये.

## टप्पा ५ : जात, वंश, रंग

टीबी म्हणजे थरोब्रेड, रेसचा घोडा. ओटीटीबी म्हणजे रेस सोडलेला थरोब्रेड. डब्ल्यूबी म्हणजे वॉर्मब्लड, क्यूएच म्हणजे क्वार्टर हॉर्स. ही शेवटची दोन परदेशी, आपल्या भागातल्या जाहिरातीत दिसली तर कागद बघितल्याशिवाय पुढे वाचायचीही गरज नाही.

रेस सोडलेला घोडा असेल तर रेसमधलं नाव विचारा. भारतातल्या थरोब्रेडची वंशनोंद पुण्यातल्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते, त्यामुळे नाव, आई, बाप आणि जन्मवर्ष यांचा ताळा लावता येतो. नाव सांगता येत नसेल तर ‘टीबी’ हे अक्षर वहीतून खोडा. हा घोडा स्वस्त मिळतो म्हणून पर्यटकांच्या कामाला घेण्याचा मोह होतो. माझं मत विरुद्ध आहे. पळायलाच शिकवलेलं, पातळ कातडीचं जनावर महाबळेश्वरच्या पावसात आणि नवख्या सवारीखाली उभं करायचं तर आधी काही महिने त्याला नव्यानं घडवावं लागतं, आणि तो खर्च जाहिरातीतल्या किमतीत नसतो.

‘एक्स’ म्हणजे संकर. रिवाज असा की आधी बाप, मग आई : ‘मारवाडी एक्स टीबी’ म्हणजे बाप मारवाडी, आई थरोब्रेड. ‘मारवाडी एक्स’ लिहून पुढे काहीच नसेल तर आई माहीत नाही, किंवा सांगण्यासारखी नाही. ‘एक्ससी’ मात्र संकर नव्हे, ते क्रॉस कंट्री या स्पर्धेचं आखूड रूप. ‘बाय’च्या पुढे बापाचं नाव येतं, ‘आउट ऑफ’ किंवा ‘ओ/ओ’च्या पुढे आईचं.

भीमथडी ही आपल्या दख्खनची जात आता राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदणीकृत जातींत आहे. त्यामुळे गावठी तट्टाच्या फोटोखालीही हा शब्द टाकायचा मोह विक्रेत्याला होणार. जात नोंदली गेली म्हणून समोरचं तट्टू नोंदलं जात नाही. कशावरून भीमथडी, ते विचारा.

रंगात एकच फसगत वारंवार होते : नुकरा (जन्मापासून पांढरा) आणि पांढरा झालेला सब्जा (करडा). नुकऱ्याची कातडी गुलाबी असते. सब्जा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो, पण त्याच्या ओठांभोवती, डोळ्यांभोवती आणि शेपटीखाली कातडी काळीच राहते. फोटो मोठा करून नाकपुडीच्या कडा बघा. वय झालेल्या सब्ज्याच्या शेपटीखाली काळ्या गाठी होण्याचं प्रमाण बरंच असतं, तेव्हा शेपूट उचलून बघायला लाजू नका.

‘पंचकल्याणी’ म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं. ‘देवमन’ हा शुभ मानलेला केसांचा भोवरा. यांचा पायाच्या ताकदीशी काही संबंध नाही, भावाशी मात्र पक्का आहे. तुमचा विश्वास नसला तरी पुढे तुमच्याकडून घेणाऱ्याचा असू शकतो. पाच-सहा वर्षांत बाजारात परत विकायचा विचार असेल तरच या शब्दांचे जादा पैसे द्या.

## टप्पा ६ : काम आणि स्वभाव

डब्ल्यूटीसी म्हणजे चाल, दुडकी आणि कँटर (संथ दौड), ही तिन्ही स्वार बसवून करतो. एसजे म्हणजे अडथळ्यांवरून उड्या. एलआर म्हणजे मुलाला बसवून माणसानं दोरीनं चालवायचा घोडा, एफआर म्हणजे मूल पहिल्यांदा एकटं बसू शकेल असा. एलआर घोड्यावर मूल एकटं सोडू नका, ती पुढची पायरी आहे.

‘ब्रोकन’ वाचून कुणी मोडलेला समजू नये. त्याचा अर्थ खोगीर-लगामाला लावलेला. ‘अनब्रोकन’वर अजून कुणी बसलेलंच नाही. ‘ग्रीन’ म्हणजे कच्चा, नुकता लावलेला. ‘कंपॅनियन ओन्ली’ म्हणजे सवारीला निकामी, फक्त सोबतीला. हे दोन शब्द बारीक अक्षरात शेवटी असतात.

‘स्पिरिटेड’, ‘फॉरवर्ड’, आपल्याकडे ‘तेज’, ‘गरम’ : चौघांचा मथितार्थ एकच, आवरायला जड.

आता ‘गुड टू’ची रांग. पूर्ण रांगेत साधारण पाच शब्द असतात : कॅच (मोकळा सोडल्यावर पकडू देतो), बॉक्स किंवा लोड (गाडीत चढतो), शू (नाल ठोकू देतो), क्लिप (केस कापू देतो) आणि ट्रॅफिक (रहदारीला बुजत नाही). विक्रेता खोटं लिहायला कचरतो, पण गाळायला कचरत नाही. सुरुवातीची जाहिरात परत बघा. शू, बॉक्स, कॅच आहे. क्लिप नसलं तर आपलं काही अडत नाही. ट्रॅफिक नाही, आणि तुमचा तबेला वाई-पाचगणी रस्त्याला लागून असेल तर तेच एक हवं होतं.

ओझ्याचा हिशोब : जाहिरातीत वजन कधीच नसतं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि छातीच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० म्हणजे किलोतलं अंदाजे वजन. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर साधारण ३०० किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठेवावं अशी सर्वसाधारण मर्यादा धरतात, म्हणजे इथे ६० किलो. सुट्टीत येणारे पर्यटक किती वजनाचे असतात ते तुम्हीच बघता.

## टप्पा ७ : खोडी

‘नो व्हाइसेस’ आणि ‘बेखोट’ हे एकमेकांचे पर्याय नाहीत. बेखोट बहुतेक वेळा भोवऱ्यांच्या संदर्भात लिहितात : अशुभ खूण नाही. व्हाइसेस म्हणजे वागण्यातल्या खोडी. लाकूड दातात धरून हवा गिळणं, जागच्या जागी झुलत राहणं, तबेल्यात सतत फेऱ्या मारणं, चावणं, लाथ मारणं. म्हणून “बेखोट लिहिलंय ना” यावर समाधान मानू नका. एकेका खोडीचं नाव घेऊन विचारा. “लाकूड धरतो का?” या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि खोटं बोललं तर वरच्या दातांची झिजलेली कड आणि ती खोड रोखायला बांधलेल्या पट्ट्याचा घशाजवळचा वळ ते सांगतात.

## टप्पा ८ : तब्येत आणि कागद

‘यूटीडी’ म्हणजे सगळं वेळेवर केलेलं. कशाचं, ते लिहिलेलं नसतं. लस कोणती, टिटॅनसची की इन्फ्लुएन्झाची? जंताचं औषध कधी? तारखा मागा.

‘भरवली’ आणि ‘गाभण’ यांत पैशाचा फरक आहे. भरवली म्हणजे नर दाखवला, एवढंच. गाभण आहे हे तपासणीनं ठरतं, आणि सोनोग्राफीत दोन-अडीच आठवड्यांतच दिसू शकतं. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते. ‘गाभण ७ म.’ यातला म. महिन्यांचा आहे, त्याचा इंग्रजी एमशी घोळ करू नका.

‘पीपीई’ किंवा ‘वेटेड’ म्हणजे खरेदीपूर्वीची पशुवैद्यकीय तपासणी झालीय. कोणी केली? विक्रेत्याच्या माणसानं केलेली तपासणी तुमच्या उपयोगाची नाही. ‘५ स्टेज’ लिहिलेलं असेल तर त्यात उभ्या अवस्थेत, हातानं पळवून, स्वार बसवून, विश्रांतीनंतर आणि पुन्हा पळवून अशी पाच वेळची पाहणी असते. ‘२ स्टेज’मध्ये पहिल्या दोनच.

‘कॉगिन्स निगेटिव्ह’ किंवा ‘ईआयए निगेटिव्ह’ हा संसर्गजन्य रक्तक्षयाचा अहवाल. आपल्याकडे त्याच्याइतकाच महत्त्वाचा ग्लॅन्डर्सचा. हा रोग माणसालाही होतो, २००९च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात तो अधिसूचित आहे, आणि रक्ततपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अहवालावर तीन गोष्टी बघा : तारीख, घोड्याचं वर्णन आणि त्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा पंधरा आकडी क्रमांक. वर्णनात डाव्या मागच्या पायाचा पांढरा मोजा लिहिलेला असेल आणि समोरच्या घोड्याचा तो पाय काळा असेल, तर अहवाल दुसऱ्याच घोड्याचा आहे.

## टप्पा ९ : किंमत

ओएनओ म्हणजे जवळपासची बोली ऐकू. ‘नेगो.’ म्हणजे घासाघीस चालेल. ‘१८० के’ म्हणजे एक लाख ऐंशी हजार. ‘२ पेटी’ म्हणजे दोन लाख. पीओए म्हणजे किंमत विचारा, पण अमेरिकी जाहिरातीत हीच अक्षरं एका पोनीच्या जातीचं नाव असतात, तेव्हा ती किमतीच्या जागी आहेत की जातीच्या, ते बघा. दलाली किंमतीत धरलीय का, हा प्रश्न इथेच उरकून घ्या. नंतर रुमालाखाली बोटं धरली गेली की कुणाचं किती हे कळत नाही.

## एक जाहिरात उलगडून

‘घोडी, मारवाडी एक्स, ४ दात, ६० इं., पंचकल्याणी, देवमन, बेखोट, भरवली ३ म., वरात + सवारी, यूटीडी, २ पेटी नेगो.’

रकान्यांत टाकू. लिंग स्पष्ट. वय साडेतीन ते चार, एका जबड्यातले चार असतील तर. उंची ६० इंच, म्हणजे बरोबर पंधरा हात, काही वावगं नाही. जातीत आई गायब. रंग-खुणांच्या रकान्यात खुणा आहेत, पण अंगाचा रंगच नाही. पंचकल्याणी म्हटल्यावर खुरांच्या वरची कातडी गुलाबी असायचा संभव, आणि अशी कातडी पावसाळ्यातल्या चिखलात लवकर उकलते. तिथे खपल्या आहेत का, ते बघायचं टिपून ठेवा.

कामात ‘वरात + सवारी’. चार वर्षांची घोडी वरातीला किती वेळा उभी राहिली असेल? बँड आणि फटाके चालू असतानाचा व्हिडिओ मागा, सजवून उभ्या केलेल्या घोडीचा नको. ‘भरवली ३ म.’ म्हणजे तीन महिन्यांपूर्वी नर दाखवला. गाभण असेल तर आणखी आठ महिने, त्यातले शेवटचे सवारीविना. लग्नसराई त्यातच येत असेल तर पहिल्या वर्षी उत्पन्न शिंगराचं, वरातीचं नाही. नसेल तर दोन पेटीतला गाभणपणाचा भाग कापायचा.

खोडी : कोरा, कारण बेखोट भोवऱ्यांचं. कागद : यूटीडीपुढे एकही तारीख नाही, ग्लॅन्डर्सचा उल्लेख नाही. आता फोन लावा.

## टप्पा १० : फोन

सुरुवात अवघड प्रश्नानं करू नका. “दादा, घोडी आत्ता बांधलीय कुठं? तुमच्याकडं किती दिवस झाले?” मालक स्वतः बोलतोय की हेडी (जनावरांचा दलाल), ते या दोन प्रश्नांतच उमगतं. मग कोरे रकाने एकेक करून. शेवटी : “आम्ही यायच्या आधी खोगीर घालू नका, फिरवूही नका.” या एका वाक्यावर समोरच्याचा आवाज बदलला तर ते टिपून ठेवा.

## टप्पा ११ : समोर गेल्यावर

सांगितल्या वेळेच्या थोडं आधी पोचा. घोडा घामेजलेला असेल तर त्याला दमवून शांत केलाय. क्रम जाहिरातीचाच ठेवा : लिंग, दात, टेप, खुणा, मग काम.

कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीनं पळवायला लावा, दोर सैल सोडून. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. आवळून धरलेल्या दोरीनं हेच लपवलं जातं. वेदनाशामक देऊनही लंगड झाकता येते, म्हणून मोठ्या सौद्यात रक्ताचा नमुना घेऊन ठेवायला पशुवैद्यकाला सांगा. तपासणीसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच आहे. ‘बॉक्स’ लिहिलेलं असेल तर घोडा टेम्पोत चढवून उतरवून दाखवायला सांगा.

## टप्पा १२ : इसार आणि पावती

पावतीवर एकही आखूड अक्षर ठेवू नका. ‘जी’ नव्हे, ‘खच्ची केलेला नर’. ‘१५.३’ नव्हे, ‘६३ इंच, नालेविना’. ‘यूटीडी’ नव्हे, लसीचं नाव आणि तारीख. चिप क्रमांक, खुणा, गाभण असल्याचा दावा आणि तो खोटा ठरला तर काय, हे सगळं पूर्ण वाक्यात. इसाराची रक्कम आणि ती कोणत्या कारणानं परत मिळेल, तेही. रोख दिलीत तर साक्षीदाराची सही घ्या.

## टप्पा १३ : घरी आणताना

वाहतुकीत घोडा प्रवासाला योग्य आणि संसर्गरहित असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला गाडीत हवा. पसरणी घाट चढवायचा असेल तर रात्रीच्या घाईत नको. वळणांवर घोडा चारही पायांवर तोल सावरत असतो.

नव्या घोड्याला दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. बादली, खरारा, दावं सगळं वेगळं. रोज दोनदा ताप मोजा, निरोगी घोड्याचा साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतो. नाकातून घट्ट स्राव किंवा कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका, आणि घोडा जागचा न हलवता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.